चटका बसेल तिथे थांबा

आजचा फोन घरीच ठेवा. जिथे निघालोय तिथे तो कुणाच्या कामाचा नाही. खिशात बटणांचा नोकिया घ्या, पाकिटात रेल्वेची कुपनं, आणि खांद्याला काळी बॅग. बॅगेत पंधरा इंची लॅपटॉप आहे. चार्जरसकट तो तीन किलोच्या आसपास भरतो आणि बॅगेचा पट्टा आत्तापासूनच खांद्यात रुततोय. लॅपटॉप मेलाय. परवा रात्री झाकण मिटलंत तेव्हा धडधाकट होता, काल सकाळी बटण दाबलंत तर ढिम्म. चार्जर काढून लावला, बॅटरी काढून बसवली, बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, तरी ढिम्मच. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तो नीट उघडलासुद्धा नाही. ‘बोर्ड गेला, बदलावा लागेल,’ म्हणाले आणि असा आकडा सांगितला की त्यात थोडे घातले असते तर नवाच आला असता.

म्हणून २०१० च्या मे महिन्यातल्या एका सकाळी तुम्ही स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरताय. उतरताय म्हणजे मागून रेटले जाताय. बॅग पोटाशी धरा, कोपर बाहेर काढा, पाय फलाटावर टेकेपर्यंत श्वास सोडू नका. शर्ट पाठीला चिकटलाय. पूर्वेकडून बाहेर पडलात की बी. मेरवानच्या दारातून मावा केकचा वास येतो. केक सकाळीच संपलेत, वेलदोडा तेवढा हवेत राहिलाय. रेंगाळू नका. चहा पुढे मिळणार आहे.

थोडं चाललात की आवाज बदलतो. गाड्यांचे हॉर्न तेच, पण त्यांत आता हातगाड्यांची खडखड मिसळली. हमाल डोक्यावर मॉनिटरचे खोके घेऊन ‘बाजू, बाजू’ ओरडत येतोय. त्याला वाट तुम्हीच द्यायची. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, तोंडी मात्र लॅमिंग्टन रोड. फुटपाथ दिसत नाही, कारण फुटपाथवरही दुकान आहे: वायरींची भेंडोळी, रिमोटचे ढीग, पिशवीभर सुटे स्विच, केबलच्या गुंडाळ्या. एक पोरगा कानाशी येऊन ‘सॉफ्टवेअर, गेम, पिक्चर?’ विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढच्याला गाठतो. खांबावर जाहिरात चिकटवलीय: चिप लेव्हल रिपेअरिंग शिका. ऊन डोक्यावर आलंय आणि वर खिडक्यांतल्या एसींचं पाणी नेमकं तुमच्या मानेवर ठिबकतं.

आत वळा. बोळ अरुंद आहे, समोरून कुणी आलं तर भिंतीला पाठ लावा. काउंटरवर मेमरी आणि चार्जर विकायला ठेवलेत. आपलं काम वरच्या पोटमाळ्यावर. लोखंडी शिडी उभीच्या उभी आहे. बॅग आधी वर द्या, मग तुम्ही. आणि डोकं सांभाळा, छत खांद्याच्या थोडंच वर संपतं.

पहिल्यांदा नाकाला कळतं. रोझिनचा धूर, गोडसर आणि घशाला खरखरणारा. त्याखाली आयसोप्रोपिल अल्कोहोलचा गार, दवाखान्याची आठवण करून देणारा वास. त्याच्याही खाली घाम, गरम प्लास्टिक आणि कालचा बटाटेवडा. डोळे सरावले की टेबल दिसतं. नळीचा दिवा, भिंग बसवलेला दुसरा दिवा, सोल्डरिंग आयर्न, गरम हवेची गन, नाशिकच्या ऋषभचा मीटर, ठाण्याच्या ॲप्लॅबचा जुना डीसी सप्लाय. भिंतीशी स्क्रॅप बोर्डांची थप्पी. ती फेकायची नाही बरं का. सुट्या भागांचं कोठार तेच.

‘बसा,’ टेबलामागचे मास्टर म्हणतात. तुमच्याकडे न बघता. ‘पाणीबिणी सांडलं?’

‘नाही.’

‘पडला?’

‘नाही.’

‘कोपऱ्याला धरून उचलता का?’

तुम्ही क्षणभर गप्प बसता. सगळेच तसं उचलतात. मास्टर मान हलवतात. एका कोपऱ्याला धरून उचललं की आतला बोर्ड किंचित वाकतो, आणि बोर्डावरचे सिरॅमिक कपॅसिटर वाकणं सहन करत नाहीत. त्यांच्या आत सिरॅमिकच्या आणि धातूच्या शेकडो पातळ चकत्या एकावर एक दाबलेल्या असतात. बारीक तडा गेला की आज ना उद्या धातूला धातू भिडतो. वरून काहीही दिसत नाही.

स्क्रू निघतात. मास्टर ते चुंबकाच्या पट्टीवर ओळीने लावतात, लांब इकडे, आखूड तिकडे. कीबोर्ड उचकटतात, बारीक फितीची चिमटी सोडवतात, आणि हिरवा बोर्ड दिव्याखाली येतो. मेमरी काढली, वाय-फायचं कार्ड काढलं, बॅटरी बाजूला. यावर हजारावर भाग आहेत. ‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्याने या हजारांची एका वाक्यात वासलात लावली, आणि मला त्या वाक्याचा मनापासून राग आहे. हजारांतला एक गेलाय. तो कोणता, हे विचारायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, एवढीच गोष्ट.

मेमरीच्या खाचेखाली पांढऱ्या अक्षरांत बोर्डाचा नंबर छापलाय. मास्टर तो टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकतात. एका पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यावर असा फिरत आलेला डायग्राम उघडतो. पन्नासेक पानं, रेघाच रेघा. घाबरू नका. शेवटची काही पानं पॉवरची असतात, आज आपण त्यांतच राहणार.

चार्जरचे १९ व्होल्ट बोर्डावर येतात, पण बोर्डावरच्या कुणालाच १९ चालत नाहीत. कुणाला पाच लागतात, कुणाला ३.३, मेमरीला १.८, प्रोसेसरला एकच्या आसपास. प्रत्येक व्होल्टची वेगळी लाइन, आणि प्रत्येक लाइन आधीच्या लाइनने हिरवा कंदील दाखवल्यावर उठते. सगळ्यांत आधी ‘थ्री व्होल्ट-फाइव्ह व्होल्ट’. बटण दाबायच्याही आधी, नुसता चार्जर लावल्या लावल्या या दोन लाइन जाग्या व्हाव्या लागतात. बटण दाबल्याची दखल घेणारी चिप, जिला इथे सगळे ‘आयओ’ म्हणतात, ती आणि तिच्या पुढचा सगळा कारभार त्यांच्यावर चालतो. त्या नसतील तर बटण झिजेपर्यंत दाबा, ऐकायला कुणी नाही.

सप्लाय १९ वर लावला. आकडे बघा: ०.०१ ॲम्पिअर. बटण दाबलं, तरी ०.०१. मास्टर खूश होतात. का, ते तुम्हाला कळत नाही. ‘१९ ची लाइन शॉर्ट असती तर ॲम्पिअर उसळला असता आणि व्होल्ट बसले असते. तसं झालं नाही. म्हणजे आजार पुढे आहे.’

आता मीटर. काळी टोकणी स्क्रूच्या भोकाच्या तांब्यावर, म्हणजे ग्राउंडवर, लाल टोकणी जॅकवर: १९. जॅकपलीकडच्या आठ पायांच्या पहिल्या मॉस्फेटवर १९, दुसऱ्यातून बाहेर १९. पुढे एक काळी चौकोनी चिप, चार मिलिमीटर लांब-रुंद, चोवीस पिनांची. टीपीएस ५११२५. ३.३ आणि ५ या दोन्ही लाइन हीच सांभाळते. मास्टर दिवा खाली ओढतात, श्वास रोखतात. टोकणी शेजारच्या पिनेला लागली तर चांगली चिप इथेच मरायची. सोळा नंबरला १९. सतराला पाच. आठला ३.३. तीनला दोन. चिप जिवंत आहे, तिचे स्वतःचे बारीक व्होल्ट ठणठणीत आहेत.

मग तिच्या शेजारच्या दोन मोठ्या कॉइल, राखाडी, चौकोनी. चिप जे तयार करते ते इथून बाहेर पडतं.

फाइव्ह व्होल्टची कॉइल: शून्य.

थ्री व्होल्टची कॉइल: शून्य.

नवखा असता तर इथे चिप बदलून मोकळा झाला असता. चिप जिवंत आणि बाहेर काही नाही, म्हणजे चिपच खराब, असं वाटणं स्वाभाविक आहे. तुमचाही हात तिकडेच जाईल. थांबवा त्याला. मास्टर सप्लाय बंद करतात, चहा मागवतात आणि मीटर ओहमवर फिरवतात. आधी दोन्ही टोकण्या एकमेकींना टेकवून बघतात: ०.२. हा वायरींचा स्वतःचा रोध, प्रत्येक मापातून वजा करायचा. ही सवय ज्याला आहे त्याच्या हातात बोर्ड बिनधास्त द्यावा.

फाइव्ह व्होल्टच्या कॉइलवरून ग्राउंडला: आकडा चढत चढत हजारांत गेला. छान. थ्री व्होल्टच्या कॉइलवरून ग्राउंडला: ०.६. दोन दशांश वजा करा, उरले ०.४. अर्धा ओहमसुद्धा नाही.

सापडलं. म्हणजे लाइन सापडली, चोर अजून बाहेर आहे. आणि फाइव्ह व्होल्ट का गायब, तेही याच मापात आहे. चिपने चार्जर लागताच दोन्ही लाइन उठवायचा प्रयत्न केला. थ्री व्होल्टचा दाब हवा त्याच्या साठ टक्क्यांपर्यंतही पोचत नाही हे तिला दिसलं आणि पापणी लवायच्या आत तिने दोन्ही लाइन बंद केल्या. फाइव्ह व्होल्टचा काहीच दोष नव्हता. चाळीत एका घराचा पाइप फुटला की सगळ्या मजल्याचं पाणी बंद करतात, तसंच हे. बंद करणाऱ्याला शिव्या घालून उपयोग नाही, पाइप शोधायचा.

चहा आला. कटिंग, आल्याचा, काच धरवत नाही इतका गरम. एक घोट घ्या आणि टेबलापासून लांब ठेवा. इथे बोर्डावर चहा सांडणं हा एकच अक्षम्य गुन्हा आहे.

पुढचं काम मला सगळ्यात आवडतं, म्हणून जरा जवळ सरका. थ्री व्होल्टची लाइन कॉइलमधून निघते आणि बोर्डभर पसरते. तिच्यावर डझनांनी कपॅसिटर आहेत, वेगवेगळ्या चिपा आहेत. पण कॉइल आणि बाकी बोर्ड यांच्या मध्ये बनवणाऱ्याने एक जोड ठेवलाय. शेजारी शेजारी दोन तांब्याचे पट्टे, वरून सोल्डर ओतून एक केलेले. डायग्राममध्ये तो पीजे या अक्षरांनी दाखवलाय. मास्टर त्यावर फ्लक्सची पेस्ट लावतात, सोल्डर शोषणारी तांब्याची विक ठेवतात आणि आयर्न दाबतात. धुराची वेटोळी सरळ तुमच्या डोळ्यांत. सोल्डर वितळायला वेळ घेतं. ते शिसं नसलेलं आहे, २१७ अंशांवर वितळतं. जुन्या शिशाच्या सोल्डरला १८३ पुरायचे. विक चंदेरी होते, वर उचलली की पट्ट्यांच्या मध्ये केसभर फट दिसते.

पुन्हा १९ व्होल्ट. टोकणी फाइव्ह व्होल्टच्या कॉइलवर: पाच. थ्री व्होल्टच्या कॉइलवर: ३.३.

बघितलंत? एकही भाग बदलला नाही आणि दोन्ही लाइन परत आल्या. चिप चांगली, कॉइल चांगल्या, मॉस्फेट चांगले. शॉर्ट फटीच्या पलीकडे आहे. गन हातात घेण्याआधी मास्टरांनी निम्म्या शक्यता नुसत्या एका फटीने पुसून टाकल्या. ज्याला घाई आहे तो या वेळेपर्यंत दोन चिपा जाळून बसला असता.

आता उरलेल्या निम्म्यांतून एक. डोळ्यांनी दिसत नाही, मीटरने कळत नाही, कारण सगळे एकाच लाइनवर आहेत आणि कुठेही टोकणी ठेवली तरी तेच ०.४. उष्णता बघणारा कॅमेरा या माळ्यावर नाही. बोट आहे.

मास्टर सप्लाय एक व्होल्टवर आणतात आणि ॲम्पिअरची मर्यादा तीनवर. एकच का? लाइन ३.३ ची आहे. तिच्यावरच्या चांगल्या चिपांना एक व्होल्टाने काही होत नाही. आणि शॉर्ट झालेला भाग कितीही लहान असला तरी जवळपास सगळा करंट त्याच्यातूनच जातो, म्हणून तापणार तोच. लाल वायर फटीच्या पलीकडच्या पट्ट्यावर, काळी ग्राउंडला. आकडा दोनच्या वर जाऊन स्थिरावला.

‘पंखा बंद कर रे.’ हाताखालचा पोरगा पंखा बंद करतो. वाऱ्याने उष्णता उडून जाते, खोटं माप मिळतं. छताला टेकलेल्या माळ्यावर मे महिन्यात पंख्याशिवाय काय होतं ते आता तुमच्या भुवयांना कळतंय. घाम नाकाच्या शेंड्यावर जमतो. पुसा, बोर्डावर पडू देऊ नका.

‘हात कोरडा आहे? मग तुम्हीच बघा.’

तुम्ही? हो, तुम्हीच. उजव्या हाताचं मधलं बोट, उलट्या बाजूने. तिथली कातडी पातळ असते. मोठ्या चिपेवरून सुरू करा. कोमट. आयओ कोमट. तिच्या बाजूचे कपॅसिटर, काही नाही. बोर्डाच्या कडेकडे सरका. यूएसबीचे पत्रे, गार. नेटवर्कच्या जॅकजवळ चला. आता हवाच थोडी बदलली, नाही? अजून एक सेंटिमीटर. लॅनच्या चिपेच्या कोपऱ्याशी...

आई गं!

चटका बसला तिथेच थांबा. मास्टर तुमचं बोट बाजूला करतात आणि त्या जागी अल्कोहोलचे दोन थेंब सोडतात. सगळीकडे ओल पसरते. दोन क्षणांत एका ठिकाणची ओल उडून कोरडं बेट उरतं, आणि त्या बेटाच्या मधोमध एक तपकिरी कपॅसिटर. १.६ मिलिमीटर लांब, ०.८ रुंद. शेजारच्या त्याच्याच जुळ्या भावंडांत आणि त्याच्यात भिंगाखालीही फरक दिसत नाही. तडा पोटात आहे.

सप्लाय काढला. गनचा आवाज सुरू होतो, एकसुरी, दातांत घुसणारा. गरम हवेचा झोत, चिमटा तयार. सोल्डर चमकलं की चिमट्याने हलकेच उचलायचं. ओढायचं नाही, ओढलं तर खालचं तांबं सोबत येतं. कपॅसिटर कागदावर पडतो. मास्टर आधी त्यालाच मोजतात: अर्ध्या ओहमच्या आत. मग लाइन मोजतात. ०.४ चे कित्येक शे ओहम झालेत आणि आकडा चढतोच आहे.

त्याच्याशिवायही लॅपटॉप चालेल बहुधा. शेजारी आणखी आहेत. पण मास्टर थप्पीतून एक स्क्रॅप बोर्ड ओढतात, डायग्राममध्ये किंमत बघतात, दहा मायक्रोफॅरड, तिथला तसाच उतरवतात, मोजतात आणि रिकाम्या जागी बसवतात. ‘लावणाऱ्याने काहीतरी विचार करून लावला होता ना?’ यापुढे त्यांना काही म्हणायचं नसतं. फटीवर पुन्हा सोल्डर ओतलं, ब्रशने अल्कोहोल फिरवून पेस्ट धुतली, मेमरी बसवली.

१९ व्होल्ट. ०.०३ ॲम्पिअर. आधीपेक्षा दोन शतांश जास्त, आणि त्या दोन शतांशांत थ्री व्होल्ट, फाइव्ह व्होल्ट आणि जागी झालेली आयओ आहे. बटणाच्या पिना चिमट्याने टेकवा. आकडा सुटला: ०.४, ०.७, थोडा मागे, मग १.१. मेमरीचे १.८ आले, चिपसेटचे १.०५ आले, शेवटी प्रोसेसर उठला. लॅपटॉपचा पंखा एकदा घरघरून फिरतो आणि वर्षभराची धूळ तुमच्या तोंडावर मारतो. पडदा उजळतो. खालून काउंटरवरचा माणूस ओरडतो, ‘झाला का?’ मास्टर उत्तर देत नाहीत. त्यांनी पुढचा बोर्ड दिव्याखाली घेतलाय. पंखा चालू करा म्हणावं लागतं तुम्हालाच.

शिडी उतरताना तोंड भिंतीकडे ठेवा आणि बॅग आधी खाली द्या. आजच्या काळात परतलात की लक्षात येईल, बोर्ड अजून बारीक झालेत, मेमरी आणि बॅटरी पुष्कळदा जागच्या हलत नाहीत, उष्णतेचे कॅमेरे टेबलाटेबलावर आलेत. लाइनी मात्र अजून त्याच क्रमाने उठतात. म्हणून पुन्हा कुणी ‘बोर्ड गेला’ म्हणालं तर पैसे काढण्याआधी दोन गोष्टी विचारा: चार्जरचे व्होल्ट कुठवर पोचतात, आणि थ्री व्होल्टच्या कॉइलवर किती ओहम आले? सांगता आलं नाही तर लॅपटॉप परत बॅगेत घाला आणि मोजणाऱ्याकडे न्या.